खेचरं छावणीच्या आत

३ मार्च, सोमवार

रोजनिशी लिहिण्याचं धाडस माझ्यासारखीनं करावं का, हा प्रश्न आहेच. ज्यांच्या आयुष्यात काही घडतं त्यांनी ती लिहावी. माझ्या आयुष्यात आजवर फक्त निकाल लागले. तेव्हा या कोऱ्या पानाची मी आधीच क्षमा मागते. पण आज जे घडलं ते सांगायला माझ्याजवळ माणूस नाही, आणि न सांगता ठेवायला पोटात जागा नाही.

आमची कंपनी संगणकावरचा युद्धाचा खेळ बनवते. काळ रोमनांचा. नकाशावर पलटणी, घोडदळ, छावण्या. आपण एक खेळी करायची, मग समोरच्यानं. एक खेळी म्हणजे युद्धातला एक दिवस. मला घेतलं ते इतिहास तपासायला. ढालीचा आकार, खंदकाची खोली, कोणत्या शतकात कोणतं शिरस्त्राण. गेल्या महिन्यापासून आणखी एक काम अंगावर आलं आहे. खेळाची चाचणी-आवृत्ती शंभरएक लोकांना वापरायला दिली आहे. ते कसे खेळतात, कुठं अडतात, याच्या नोंदी आपोआप आमच्याकडे येतात. त्या मी पाहायच्या आणि अहवाल लिहायचा. खेळाडूंची नावं नसतात. फक्त क्रमांक.

आज सकाळी क्रमांक ६३ ची नोंद पाहिली. विलक्षण! हा गृहस्थ प्रत्येक खेळीच्या शेवटी, म्हणजे खेळातली संध्याकाळ व्हायच्या आत, सामान वाहणारी सगळी खेचरं ओढून छावणीच्या तटाआत नेतो. बाराच्या बारा. शत्रू समोर उभा ठाकलेला, त्याचं घोडदळ डावीकडून वळसा घालून येतंय — आणि हा खेचरं गोळा करतोय! त्यात त्याचा अर्धा दिवस वाया जातो आणि तो हरतो. पुढच्या डावात पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

मी अहवालात लिहिलं, ‘क्र. ६३ : खेचरं विनाकारण मागे नेतो. नियम समजलेला नाही. हास्यास्पद.’ शेवटचा शब्द मीच लिहिला. अहवाल पाठवला, डबा उघडला — आणि घास हातातच राहिला.

खेचरं संध्याकाळी तटाबाहेर राहिली तर पलटण उपाशी झोपते. हा नियम जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, कारण असा नियमच नाही. त्या दोघांतली एक मी.

४ मार्च, मंगळवार

नसेलही तो. योगायोग असेल.

(६३ च्या चौदा नोंदी पाहिल्या. चौदाही वेळा खेचरं आत. योगायोगाला एवढी शिस्त नसते.)

५ मार्च, बुधवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी नऊ वर्षांची असताना त्यानं कुणाकडून तरी या खेळाची पहिली, जुनी आवृत्ती आणली. सोबत नियमांची पुस्तिका — तीही छायाप्रत, आणि तीही वाईट. प्रत काढणाऱ्यानं कागद तिरका ठेवला असावा. प्रत्येक पानाची खालची एक ओळ कापली गेली होती. पुस्तिका इंग्रजी, आम्ही दोघं मराठी शाळेतले. मी मांडीवर शब्दकोश घेऊन बसायची, दादा पडद्यासमोर.

“पंडितीणबाई, लवकर! माझे लोक मरतायत!”

“थांब ना रे, ‘तटबंदी’पर्यंत आलेय.”

त्रेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की ओझ्याची जनावरं दिवस संपण्यापूर्वी तटबंदीच्या आत न आणल्यास सैन्याला अन्न मिळत नाही. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात तो कायदा झाला. दादा लढाई बघायचा आणि खेचरं माझ्याकडे. “खेचरं?” तो विचारायचा. “आत!” मी ओरडायची. मगच खेळी संपवायची. पाच वर्षं आम्ही असे खेळलो. जिंकलो कमी, पण आमचा एकही शिपाई कधी उपाशी झोपला नाही, याचा आम्हांला केवढा अभिमान!

इथं नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात कपाटात मूळ पुस्तिका दिसली. पान त्रेचाळीस. खालची ओळ शाबूत होती : ‘हा नियम फक्त वेढ्याच्या डावांना लागू.’ वेढ्याचा डाव आम्ही कधी खेळलोच नव्हतो. मी तिथंच, कपाटात तोंड घालून, एकटी हसले. मग बराच वेळ कपाट लावता येईना.

हे दादाला सांगायला हवं होतं. पण दादा सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला. या सात वर्षांत आईला दोन फोन. ‘बरा आहे.’ दुसऱ्यालाही आता दोन वर्षं झाली. दोन्ही वेळा नंबर वेगळा, आणि परत लावला तर उचलणारा परका.

६ मार्च, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण!

आज बैठक होती. आमचे मुख्य रचनाकार — त्यांना सगळे तोंडावरच सेनापती म्हणतात आणि त्यांना ते आवडतं — माझा अहवाल मोठ्यानं वाचू लागले. “‘हास्यास्पद’! तपासनीसबाई, एरवी तुम्ही ‘किंचित विसंगत’च्या पुढं जात नाही. या माणसानं तुमचं केलंय तरी काय?”

सगळे हसले. प्रोग्रामर — ज्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण कोणतंही काम सांगितलं की तो आधी मनगटाकडे बघतो — म्हणाला, “गाढव मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. याची खेचरं दोन्हीनं मरणार.”

पुन्हा हशा. मग सेनापती गंभीर झाले. म्हणाले, एकाला कळलं नाही म्हणजे उद्या शंभरांना कळणार नाही. खेचरं स्वतंत्र हलवायची सोयच काढून टाका. छावणीला बांधून ठेवा, कुणी हात लावायचं कामच नाही. घड्याळानं मनगटाकडे पाहिलं. “बावीस तारीख. शनिवार. संध्याकाळी पाचला नवी आवृत्ती चढवतो. जुने डाव तिथंच बंद.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायले. पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी! परीक्षेत पुरवण्या मागून मागून लिहिणारी. पण कुणी समोर बसून विचारलं की माझ्या तोंडातून अर्धंच उत्तर बाहेर पडतं.

बावीस तारखेनंतर ६३ ची खेचरं हलणार नाहीत. मग तो शंभरांतला कुणीही एक होईल. मला त्याला ओळखायचं दुसरं साधन नाही.

८ मार्च, शनिवार

दुपारी घरी. पाऊस नसतानाही आईनं दाराआडची काळी छत्री झटकून पुन्हा तिथंच टांगली. ती दादाची. सात वर्षांत ती कुणी उघडलेली नाही. पाहुणे भिजत गेले, पण ती दिली नाही. बाबा या छत्रीकडे बघत नाहीत. आणि न बघता तिच्या बाजूनं जायची त्यांना इतकी सवय झाली आहे की दारातून बाहेर पडताना ते थोडे तिरके होतात.

बाबा निवृत्त गणितशिक्षक. मी काय काम करते असं कुणी विचारलं तर अभिमानानं सांगतात, “संगणकाच्या कंपनीत इतिहास तपासते.” खेळाची कंपनी आहे हे मी घरी सांगितलेलं नाही. या घरात खेळ हा शब्द निघत नाही.

का निघत नाही, ते लिहायला बसले होते. उद्या लिहीन.

९ मार्च, रविवार

सकाळ. आई-बाबा बाहेर गेले आहेत. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

दादाचा बारावीचा गणिताचा पेपर. आई मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. बाबांना दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाचं काम. मी चौदा वर्षांची, अंगात आदल्या दिवसापासून कणकण. बाबांनी निघताना विचारलं, “बरं वाटतंय ना?” मी म्हटलं, “हो.” ते थांबले असते, म्हणून म्हटलं. दादा त्यांच्यानंतर निघाला.

दहा वाजता ताप चढला. भिंत जवळ यायला लागली. दादानं केंद्रासमोरच्या दुकानातून घरी फोन केला, केवळ विचारायला. मी काय बोलले ते आठवत नाही. रडत होते, एवढं आठवतं. पाऊण तासात तो दारात होता, घामानं चिंब. तिकडे पेपर सुरू झाला होता.

त्यानं पंचा ओला करून माझ्या कपाळावर ठेवला. शेजारच्या दवाखान्यातून गोळी आणली. मी झोपायला घाबरत होते. डोळे मिटले की पडल्यासारखं व्हायचं. म्हणून त्यानं खाट ओढून संगणकाजवळ घेतली आणि खेळ लावला. “तू नुसती खेचरं आत घे. बाकी मी बघतो.” मी पडल्या पडल्या खेचरं आत घेत राहिले. कधीतरी झोप लागली.

बाबा दोनला आले. मी झोपेत, ताप उतरलेला, पंचा घसरून खाटेखाली. दादा पडद्यासमोर. गणिताच्या मास्तरांचा मुलगा गणिताच्या पेपराला गैरहजर, आणि घरी बसून खेळतोय!

संध्याकाळी त्यांनी मला समोर उभं केलं. “हा पेपराला गेला होता का?”

“नाही.”

“मग काय करत होता?”

“खेळत होता.”

दोन प्रश्न, दोन उत्तरं. दोन्ही बरोबर. दादा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. वाट बघत होता. मी पुढचं सांगेन याची. मला पुढचं येत होतं! पण मनात एकच विचार, की बाबा म्हणतील, तुझ्यापायी त्याचं वर्ष गेलं. मी मूग गिळून खाली बघत राहिले. दादानंही मग तोंड उघडलं नाही. त्याचा स्वभावच तो. स्वतःची बाजू मांडणं म्हणजे त्याला भीक मागितल्यासारखं वाटायचं.

बाबा म्हणाले, “माझा मुलगा म्हणून सांगू नकोस कुठं.” आठव्या दिवशी दादा गेला. संगणक बाबांनी कुणाला तरी देऊन टाकला.

त्यानंतर मी दरवर्षी पहिली आले.

११ मार्च, मंगळवार

घड्याळाला विचारलं. फार वळणं घेऊन. एखाद्या खेळाडूशी संपर्क साधता येतो का, समजा अहवालासाठी काही विचारायचं असेल, वगैरे.

“कोणता खेळाडू?”

“असाच. त्रेसष्ट.”

“तो खेचरवाला?” तो हसला. मग हसू थांबलं. “नंबरामागचा माणूस बघायचा नाही. सगळ्यांनी सही केलीये. तूही केलीयेस. चाचणीच्या लोकांबरोबर खेळायचंही नाही.” मनगटाकडे पाहिलं. “का गं?”

“काही नाही.”

पुन्हा अर्धंच उत्तर.

१२ मार्च, बुधवार

६३ आजही हरला. खेचरं आत होती.

१३ मार्च, गुरुवार

नोंदींत माणूस दिसत नाही हे खरं नाही. सवय झाली की दिसतो.

तो दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान खेळतो. मंगळवारी खेळत नाही. कालच्या डावात मधेच अकरा मिनिटं काही हालचाल नव्हती, मग घाईघाईनं चार आज्ञा, मग पुन्हा सहा मिनिटं शांतता. म्हणजे कुणीतरी हाक मारतं. दुकान असेल, कारखाना असेल, काउंटर असेल. हाक मारतात म्हणजे काम आहे. काम आहे म्हणजे जेवत असेल. या दोन वाक्यांना पुरावा काय, असं बाबांनी विचारलं असतं.

आणखी एक. तो पलटणीचा सेनापती नेहमी शेवटच्या रांगेत ठेवतो, छावणीच्या दाराशी. सेनापती तिथं असेल तर पुढच्यांचं धैर्य खचतं; तसा खेळाचा हिशोबच आहे. पण दाराशी उभं राहिल्याशिवाय खेचरं मोजता येत नाहीत. मी झोपले की दादाच मोजायचा.

१४ मार्च, शुक्रवार

केलं. नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदाच — परीक्षेत शेजारणीला खोडरबर दिल्याचं सोडलं तर.

चाचणी-आवृत्तीत कुणीही उघडं आव्हान ठेवू शकतो : या, माझ्याशी खेळा. समोरच्यानं स्वीकारलं की दोघं आपापली खेळी एकमेकांना पाठवत राहतात, दिवसाला एक-दोन. निरोप लिहायची सोय अजून केलेलीच नाही. ६३ चं आव्हान दोन दिवस पडून होतं. सारखा हरणाऱ्याशी खेळायला कुणाला गंमत वाटत नाही. मी कंपनीचा लॅपटॉप घरी आणला, नवा क्रमांक घेतला आणि स्वीकारलं.

पहिली खेळी. मी पुढं काहीच हलवलं नाही. पायदळ जागेवर, घोडदळ जागेवर. फक्त माझी बारा खेचरं, एकेक करून, माळावरून तटाच्या आत घेतली. आणि माझा सेनापती दाराशी उभा केला.

खेळी पाठवायचं बटण दाबलं. बाबा बाहेरच्या खोलीत कोडं सोडवत होते. “अगं, जेवायला येतेस ना?” आईची हाक. आले, म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

उत्तर नाही.

१६ मार्च, रविवार

उत्तर आलं. खेचरं बाहेर!

पहिल्यांदाच. चाळीसएक नोंदींत एकदाही न झालेली गोष्ट. त्याचं पायदळ तसंच, घोडदळ तसंच, सेनापती दाराशी, आणि बाराही खेचरं उघड्या माळावर सोडलेली.

मी अनेक अर्थ लावले. त्याला कळलंय आणि त्याला ओळख नकोय. किंवा त्याला कळलेलंच नाही. कुणीतरी नियम समजावून सांगितला आणि तो शहाणा झाला. किंवा हा दादा नव्हेच. शेवटचा अर्थ सगळ्यांत वाईट, हे लिहिताना लक्षात आलं. त्याला मी नको असले तरी चालेल. तो असायला हवा.

माझी दुसरी खेळीही पहिलीसारखीच. काहीच नाही. खेचरं आत, सेनापती दाराशी.

१८ मार्च, मंगळवार

मंगळवारी तो खेळत नाही. आज खेळला.

खेचरं माझ्याकडे येतायत. बाराच्या बारा, एका रांगेत, सोबत एकही शिपाई नाही. माझ्या छावणीच्या दारापासून एका खेळीच्या अंतरावर येऊन थांबली आहेत. युद्धाच्या दृष्टीनं याच्यासारखा मूर्खपणा नाही. माझं साधं गस्तीचं पथकही ती कापून काढील. सेनापतींना ही नोंद दाखवली तर हसून खुर्चीवरून पडतील.

पण कधीकधी आम्ही एकमेकांविरुद्धही खेळायचो, तेव्हा माझा चारा नेहमी आधी संपायचा. मी सगळे पैसे तटबंदीवर घालायची! मग मी रडवेली व्हायची आणि दादा, शत्रू असूनही, आपली खेचरं चाऱ्यासकट माझ्या दारात आणून उभी करायचा. “घे आत. उपाशी माणसाशी कोण लढणार?” मी दार उघडायची. हाही नियम कुठल्याच पुस्तिकेत नाही.

तोच आहे.

आता उत्तर मी द्यायचं आहे. छावणीचं दार उघडायची आज्ञा, दारावरच्या तुकडीला शस्त्रं खाली ठेवायची आज्ञा. दोन आज्ञा. अर्ध्या मिनिटाचं काम.

नाही पाठवू शकले. दार उघडून त्याला कुठं बोलावू? या घरात? जिथं दारातून जाणारा माणूस अजून तिरका होतो? खालची ओळ मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. खेळात दार उघडायचं आणि घरातलं लावलेलंच ठेवायचं, म्हणजे तेच अर्धं उत्तर पुन्हा.

शनिवारी पाच वाजता डाव बंद होणार. तोपर्यंत उत्तर गेलं नाही तर त्याला एवढंच दिसेल — खेचरं दारात उभी राहिली आणि दार उघडलं नाही.

१९ मार्च, बुधवार

बाबांच्या समोर जाऊन बसले. ते अंकांचं कोडं सोडवत होते.

“बाबा.”

“हं. इथं सात येईल की नऊ?”

“सात.”

“कशावरून?”

“खाली नऊ आहे ना.”

“शाबास!” त्यांनी सात लिहिला. मी उठून आले.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

सकाळी, ते दाढी करत असताना. मुद्दाम तेव्हाच, कारण तेव्हा ते आरशाकडे बघतात, माझ्याकडे नाही. आधी कंपनीचं सांगितलं, खेळाचं सांगितलं. मग पेपराच्या दिवसाचं. काहीही वगळलं नाही. दुकानातला फोन, पाऊण तास, पंचा, गोळी, खाट ओढून घेतली ते. “तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मी दोन्हींची उत्तरं दिली. खालची ओळ सांगितली नाही.” एवढं लांब मी त्यांच्यासमोर कधीच बोलले नव्हते.

त्यांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच. वस्तरा वाहत्या नळाखाली धरला. मग विचारलं, “ताप किती होता?”

“मोजला नव्हता.”

“कुणी मोजलाच नाही,” ते म्हणाले. नळ बंद केला. तोंड पुसलं — अर्धी दाढी राहिलेली — चपला घातल्या आणि बाहेर गेले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, “पंचा सापडला होता मला. आल्यावर, खाटेखाली. वाळून कडक झालेला. आणि गोळीचं पाकीट.”

“मग विचारलं का नाहीस, आई?”

“तू सांगशील म्हणून थांबले.”

सात वर्षं! दादा थांबला, आई थांबली. मी पहिली येत राहिले.

२१ मार्च, शुक्रवार

बाबा बोलले नाहीत. माझ्याशी नाही, आईशीही नाही. ताट समोर आलं, अर्धं राहिलं. दाढी पूर्ण केलेली नाही. मी दिसले की नजर कोड्यात. पण पेन्सिल हलत नाही.

त्यांचा राग माझ्यावर आहे, आणि तो न्याय्य आहे. मुलगा गेला माझ्या दोन उत्तरांनी. आता मुलगीही हातची गेली असं त्यांना वाटत असेल, तर मी त्यांना कुठल्या तोंडानं समजावू?

कचेरीत घड्याळ म्हणाला, “उद्या पाचला खेचरं बांधली. सुटलो!” मग हळूच, “तू बरी आहेस ना?” मी म्हटलं, “नाही.” अख्खं उत्तर. तो इतका गोंधळला की मनगटाकडे बघायलाही विसरला.

सोमवारी सेनापतींना सगळं सांगणार. नियम मोडला ते. नोकरी जाईल तर जावो. घरातून परवानगी मिळाली नाही तरी उद्या पाचच्या आत दार उघडणार. पण ते माझं एकटीचं दार असेल. तेवढ्या दारातून दादा येईल का, ठाऊक नाही.

२२ मार्च, शनिवार

चारनंतर बाबा माझ्या खोलीत आले. दाढी केलेली, शाळेत जाताना घालायचे तो सदरा. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा पुसला. “कुठाय तो?”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बोट टेकवून माळावरची खेचरं मोजली, एकेक, ओठ हलवत. “बारा,” म्हणाले. बोट तिथंच ठेवून, “तिसरा प्रश्न मी विचारला नव्हता. ‘का’ म्हणून. वर्गात कुणी असं गणित अर्धवट सोडलं असतं तर मी शून्य दिलं असतं.” आणि मग, पडद्यावरची नजर न काढता, “दार कुठून उघडतात?”

मी दाखवलं. दोन्ही आज्ञा त्यांनी दिल्या. एक चुकली म्हणून दोनदा द्यावी लागली. पाठवायचं बटण माझ्याकडे सरकवलं. “हे तू कर.” बाहेरच्या खोलीत आई दाराआडची छत्री उघडून बघत होती, काड्या शाबूत आहेत का ते.

पाठवलं. शनिवार, २२ मार्च, दुपारी चार वाजून अडतीस मिनिटं.